अनुभवी ऑपरेटर निवृत्त झाल्यावर जुनाच दोष पुन्हा येऊ लागल्यास: माझा अनुभव

भोसरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या सीएनसी (संगणक-नियंत्रित मशीनच्या) वर्कशॉपमध्ये ज्येष्ठ ऑपरेटर निवृत्त झाल्यापासून सकाळच्या पहिल्या काही नगांचे माप टॉलरन्सबाहेर (चालू शकणाऱ्या फरकाच्या मर्यादेबाहेर) जाऊ लागले आणि प्रत्येक वेळी त्यांनाच फोन करावा लागे. सामायिक फोल्डर, जाडजूड मॅन्युअल, व्हॉट्सॲप ग्रुप हे सर्व करून पाहिले. माहिती साठत गेली, पण गरजेच्या वेळी कोणालाही सापडेना. मी हताश झालो होतो.

उपाय पुढील क्रमाने लागू पडला. प्रथम महिनाभर, त्यांना विचारलेला प्रत्येक प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत एका वहीत नोंदवला आणि दोनदा किंवा अधिक वेळा आलेले प्रश्नच निवडले. मग त्या निवृत्त काकांना विनंती करून मशीनपाशी बोलावले. त्यांना लिहायला न सांगता काम करायला सांगितले आणि नव्या मुलाने प्रत्येक कृती टिपली. तेव्हा कळले की ते सकाळी आधी २० मिनिटे स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) रिकामा फिरवत, कारण तो तापताना प्रसरण पावतो व माप सरकते. ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की त्यांनी ती कधी सांगितलीच नव्हती.

त्यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: ते टिपण तिसऱ्याच ऑपरेटरच्या हाती देऊन केवळ त्यावरून काम करून घेतले आणि तो जिथे अडला तिथे मजकूर सुधारला. शेवटी प्रत्येक लक्षणासाठी एकच पान केले, शीर्षक वहीतल्या शब्दांत दिले, खाली जबाबदार व्यक्तीचे नाव व फेरतपासणीची तारीख घातली, ते मशीनवर लावले आणि जुन्या प्रती काढून टाकल्या. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकातील कलम ७.१.६ संस्थात्मक ज्ञानाविषयीच आहे; ऑडिटमध्ये आम्ही हीच पाने दाखवली.