युरोपचं ऊर्जा-हवामान धोरण शिकताना: आधी कलम बघा, मग आकडा

ऊर्जा धोरण शिकायला ब्रुसेल्स, बर्लिन किंवा फ्लोरेन्सला पोचलेला विद्यार्थी पहिल्या महिन्यात लक्ष्यं पाठ करतो. २०३० पर्यंत हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ५५ टक्क्यांनी कमी, नवीकरणीय ऊर्जेचा वाटा ४२.५ टक्के, २०५० पर्यंत हवामान-तटस्थता, म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य. हे आकडे यायलाच हवेत. पण धोरण कसं घडतं ते त्यांच्यातून कळत नाही. ते कळतं मसुद्याच्या पहिल्या पानावरच्या एका रुक्ष ओळीतून: हा प्रस्ताव युरोपीय संघाच्या मूळ करारातल्या कोणत्या कलमाखाली आणला आहे. कलमावरून मतदानाची पद्धत ठरते, आणि पद्धतीवरून कोणाच्या नकाराला वजन आहे ते ठरतं.

युरोपीय संघाची सुरुवात १९५१ च्या कोळसा-पोलाद कराराने झाली, १९५७ ला अणुऊर्जेचा करार आला. तरी ऊर्जेला स्वतःचं कलम मिळायला लिस्बन करार लागू होईपर्यंत, म्हणजे १ डिसेंबर २००९ पर्यंत, वाट पाहावी लागली. ते कलम १९४. त्याचा पहिला परिच्छेद बाजारपेठ, पुरवठ्याची सुरक्षितता, बचत आणि देशादेशांतल्या जोडण्या या गोष्टी ‘एकजुटीच्या भावनेने’ करायला सांगतो. दुसरा परिच्छेद मात्र प्रत्येक देशाला आपली ऊर्जासाधनं निवडण्याचा हक्क राखून देतो. म्हणूनच फ्रान्सची अणुवीज, पोलंडचा कोळसा आणि जर्मनीने एप्रिल २०२३ मध्ये शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद करणं हे सगळे राष्ट्रीय निर्णय आहेत. हे दोन परिच्छेद एकमेकांना जिथे घासतात तिथेच तुमचा अभ्यासविषय आहे.

‘एकजूट’ हा शब्द नुसता सजावटीचा नाही. रशियन नैसर्गिक वायू जर्मनीतून वाहून नेणाऱ्या ओपाल वाहिनीबद्दल पोलंड न्यायालयात गेला, आणि जुलै २०२१ मध्ये युरोपीय न्यायालयाने ऊर्जा-एकजूट हे कायद्याने बांधणारं तत्त्व असल्याचं निश्चित केलं. हा निकाल मुळातून वाचा.

बाकीची कलमं थोडक्यात. १९२ हे पर्यावरणाचं. उत्सर्जन-परवान्यांचा बाजार, म्हणजे कंपन्यांनी आपल्या उत्सर्जनाइतके परवाने बाळगायची व्यवस्था, त्यावर उभा आहे. त्यात एक पोटकलम आहे: एखाद्या उपायाने देशाच्या ऊर्जानिवडीवर मोठा परिणाम होत असेल तर एकमत लागतं. पोलंडने याच आधारावर परवाना-बाजारातल्या राखीव साठ्याला (जास्तीचे परवाने बाजूला काढून ठेवण्याच्या व्यवस्थेला) आव्हान दिलं. तसा परिणाम हा उपायाचा मुख्य हेतू असेल तरच एकमत लागेल, असं न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं. हा निकाल उलटा लागला असता तर कुठलाही एक देश जवळजवळ प्रत्येक हवामान-कायदा अडवू शकला असता. १२२ हे आणीबाणीचं कलम. त्यात मंत्रिपरिषद, म्हणजे सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद, एकटी निर्णय घेते, युरोपीय संसदेचं मत लागत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात वायूचा वापर १५ टक्क्यांनी कमी करण्याचा प्रस्ताव २० जुलैला आला आणि २६ जुलैला त्यावर राजकीय सहमती झाली. सहा दिवस! नेहमीच्या मार्गाने याला दीड-दोन वर्षं लागली असती.

कलमाची निवड किती निर्णायक असते ते रशियन वायूच्या बंदीत स्वच्छ दिसतं. निर्बंध म्हणून बंदी घालायची तर सत्तावीसही देशांचा होकार हवा. जून २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने (कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या संस्थेने) बंदीचा प्रस्ताव ऊर्जेच्या कलम १९४ आणि व्यापाराच्या कलम २०७ खाली आणला. तिथे पात्र बहुमत पुरतं. हंगेरी आणि स्लोव्हाकियाचा ठाम विरोध होता, तरी डिसेंबर २०२५ मध्ये परिषद आणि संसदेत समझोता झाला.

पात्र बहुमताचं गणित हाताने करून बघा. सत्तावीसपैकी पंधरा देश हवेत आणि त्यांच्यात संघाची ६५ टक्के लोकसंख्या हवी. अडवायचं तर किमान चार देश आणि ३५ टक्क्यांहून जास्त लोकसंख्या. हंगेरी आणि स्लोव्हाकिया मिळून साडेतीन टक्क्यांच्याही आत राहतात. जर्मनी, इटली, चेकिया आणि हंगेरी एकत्र आले तर आकडा साधारण ३६ वर जातो आणि प्रस्ताव थांबतो. नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे तटस्थ देश बाजूला ठेवणं. होकार मोजायचे असल्याने इथे तटस्थता विरोधासारखीच काम करते. एकमताच्या मतदानात मात्र तटस्थ राहिल्याने काहीच अडत नाही.

यानंतर एकच फाइल, म्हणजे एका कायद्याचा प्रस्ताव, धरा आणि ती शेवटपर्यंत न्या. दहा फायली वरवर चाळण्यापेक्षा याचा फायदा कितीतरी जास्त आहे. आम्ही २०२१/०२११ सीओडी (सीओडी ही नेहमीच्या कायदेप्रक्रियेची खूण) सुचवतो, म्हणजे परवाना-बाजाराची मोठी दुरुस्ती. हा क्रमांक संसदेच्या विधिमंडळ-नोंदवहीत टाकला की सगळा प्रवास उलगडतो. १४ जुलै २०२१ ला प्रस्ताव आला. ८ जून २०२२ ला संसदेच्या पूर्ण सभागृहाने समितीचा अहवाल फेटाळून परत पाठवला आणि दोन आठवड्यांनी सुधारून मंजूर केला. त्याच महिन्याच्या शेवटी मंत्रिपरिषदेची भूमिका ठरली. १८ डिसेंबरला ट्रायलॉगमध्ये, म्हणजे आयोग, संसद आणि परिषद यांच्या बंद दाराआडच्या बैठकीत, तोडगा निघाला. एप्रिल २०२३ मध्ये दोन्हीकडे शेवटचं मतदान झालं आणि १६ मे २०२३ ला राजपत्रात डायरेक्टिव्ह (देशांनी आपल्या कायद्यात उतरवायचा संघाचा कायदा) २०२३/९५९ म्हणून छापून आलं.

ट्रायलॉगचं खरं साधन म्हणजे चार रकान्यांचा तक्ता. पहिल्यात आयोगाचा मजकूर, दुसऱ्यात संसदेचा, तिसऱ्यात परिषदेचा, आणि चौथा रिकामा, तडजोडीसाठी. २०३० चं लक्ष्य, म्हणजे या बाजारातल्या क्षेत्रांनी २००५ च्या तुलनेत किती टक्के कपात करायची, त्या ओळीत डावीकडून उजवीकडे वाचा: ६१, ६३, ६१. चौथ्या रकान्यात आलं ६२. हे वरवर मधोमध कापल्यासारखं दिसतं, पण शेजारच्या ओळी वाचल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. उद्योगांना फुकट मिळणारे परवाने कोणत्या वर्षी संपणार, सामाजिक निधीत किती पैसा जाणार, हे सगळं एकाच सौद्यात ठरतं. एका ओळीत माघार घेतलेला पक्ष दुसऱ्या ओळीत वसूल करतो. तक्ता आडवा वाचून झाला की उभा वाचायचा तो यासाठी.

ट्रायलॉगमध्ये हात मिळवले म्हणजे कायदा झाला असं लिहू नका. मोटारींच्या कार्बन उत्सर्जनाचा कायदा मार्च २०२३ मध्ये शेवटच्या औपचारिक मतदानाच्या तोंडावर जर्मनीने कृत्रिम इंधनांसाठी अडवला. नवीकरणीय ऊर्जेचा डायरेक्टिव्ह त्याच वर्षी मे महिन्यात फ्रान्सने अणुविजेपासून बनणाऱ्या हायड्रोजनसाठी रोखून धरला. दोन्ही पुढे मंजूर झाले, पण काहीतरी पदरात पाडून घेऊनच.

आता सुरक्षिततेचा हिशेब. वायुपुरवठ्याच्या २०१७/१९३८ या रेग्युलेशनमध्ये (सगळ्या देशांत थेट लागू होणाऱ्या कायद्यात) ‘एन वजा एक’ नावाचं सूत्र आहे: सगळ्यात मोठी एक वाहिनी किंवा सुविधा बंद पडली तरी वीस वर्षांतून एकदा येणाऱ्या कडाक्याच्या थंडीच्या दिवशीची मागणी भागते का? एक काल्पनिक देश घ्या. रोजची क्षमता दशलक्ष घनमीटरमध्ये अशी: सीमेवरच्या वाहिन्या २००, देशी उत्पादन २०, भूगर्भ साठ्यांतून उपसा १२०, एलएनजी (जहाजाने येणारा द्रवरूप वायू) ४०. बेरीज ३८०. सगळ्यात मोठी वाहिनी ११०, ती वजा केली की उरले २७०. मागणी २५०. भागाकार १०८ टक्के, देश उत्तीर्ण. पण साठा रिकामा होत जातो तसा भूगर्भातला दाब उतरतो आणि रोजचा उपसाही घटतो. फेब्रुवारीत तो ६० वर आला तर बेरीज ३२०, उरले २१०, आणि निकाल ८४ टक्के. म्हणून साठे पूर्ण भरलेले आणि ३० टक्के भरलेले, असे दोन्ही हिशेब मागा. एकच आकडा देणारा अहवाल अपुरा समजा.

या सूत्राची याहून मोठी उणीव अशी, की ते नळ मोजतं, विक्रेता मोजत नाही. तीन वाहिन्यांतून एकाच पुरवठादाराचा वायू येत असेल तर सूत्र त्यातली एकच वजा करतं. जानेवारी २००९ मध्ये रशिया-युक्रेन वादात सुमारे दोन आठवडे पुरवठा तुटला, तेव्हा बल्गेरिया आणि स्लोव्हाकियाला याचा फटका बसला. २०१७ च्या नियमात पुरवठ्याच्या स्रोतानुसार देशांचे जोखीम-गट आले ते यामुळे. तरी २०२१ मध्ये संघाच्या वायू-आयातीतला रशियाचा वाटा ४५ टक्क्यांच्या आसपास होताच. कागदावरचं उत्तीर्ण आणि हिवाळ्यातलं उत्तीर्ण यात एवढा फरक असतो.

एककांबद्दल फार काटेकोर राहा. एक अब्ज घनमीटर म्हणजे ढोबळमानाने १० टेरावॉट-तास, पण वायूचं उष्मांकमूल्य (जळताना मिळणारी उष्णता) स्थूल धरलं, म्हणजे वाफेतली उष्णताही धरून, की निव्वळ, म्हणजे ती सोडून, यावरून साधारण १० टक्के फरक पडतो. संघाच्या सांख्यिकी कार्यालयाचे, युरोस्टॅटचे, ऊर्जा-ताळेबंद निव्वळ मूल्यावर असतात, वाहिनीचालक स्थूल मूल्यावर बोलतात. शिवाय घनमीटर शून्य अंशावरचा की १५ अंशांवरचा, यात आणखी पाच टक्के जातात. रशियन आकडे तर २० अंशांवरचे असतात. या दोन चुका एका दिशेने जुळल्या तर १५ टक्के बचतीचं अख्खं लक्ष्य तुमच्या तक्त्यात गडप होतं.

सुरक्षितता आणि हवामान नेहमी हातात हात घालून चालतात असंही धरू नका. रशियन इंधनापासून सुटका करून घेण्याच्या योजनेसाठी २० अब्ज युरो परवान्यांच्या विक्रीतून उभे करायचं ठरलं, आणि त्यातला एक भाग पुढच्या वर्षांचे परवाने आधी विकून. बाजारात लवकर जास्त परवाने आले की त्यांची किंमत दबते. साठ्यांचंही तसंच. दर १ नोव्हेंबरला ९० टक्के साठा भरण्याची सक्ती असल्याने व्यापाऱ्यांना खरेदीची तारीख आधीच ठाऊक असे, आणि उन्हाळ्यातला वायू हिवाळ्यातल्यापेक्षा महाग होण्याची वेळ आली. २०२५ मध्ये ही अट सैल करून १ ऑक्टोबर ते १ डिसेंबरमध्ये कधीही ९० टक्के गाठावे असं केलं.

नोकरीचं थोडक्यात. आयोगातल्या कायम पदांसाठी संघाच्या सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं. ब्लू बुक हे आयोगातलं प्रशिक्षण पाच महिन्यांचं असतं, १ मार्च आणि १ ऑक्टोबरला सुरू होतं, आणि बाहेरच्या देशांतल्यांना मोजक्या जागा मिळतात. भारतीयांना जास्त वाव आहे तो संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या आणि उद्योग-संघटनांमध्ये. सीमेवरच्या कार्बन-शुल्काचं (आयात मालाच्या उत्सर्जनावर लागणाऱ्या शुल्काचं) काम तर पुणे-कोल्हापुरात बसूनही करता येतं. १ जानेवारी २०२६ पासून ते पूर्ण लागू आहे आणि पोलाद, अ‍ॅल्युमिनियमबरोबर ७३१८ या सीमाशुल्क-कोडखालचे नट-बोल्ट आणि स्क्रूही त्यात येतात. आपल्या कारखानदाराने प्रत्यक्ष उत्सर्जनाचा हिशेब दिला नाही तर युरोपातल्या आयातदाराला ठरवून दिलेले चढे आकडे धरावे लागतात, आणि तो पुढच्या खेपेला दुसरा पुरवठादार बघतो. कोड नीट लावणं आणि भट्टीपासूनचा हिशेब मांडणं येणारी माणसं इथे हवी आहेत.

अर्जासोबत द्यायला दोन पानांचं एक टिपण तयार ठेवा. चालू किंवा अलीकडची फाइल निवडा. २०४० साठी ९० टक्के कपातीचा जुलै २०२५ चा प्रस्ताव चांगला आहे. पहिल्या परिच्छेदात कलम आणि मतदानपद्धत. दुसऱ्यात तीन संस्थांचे आकडे एककासकट. तिसऱ्यात अडवू शकणारा गट, लोकसंख्येच्या बेरजेसह, आणि त्या बेरजेत काठावर बसलेल्या देशांना विरोधाच्या बाजूला मांडून.