शैक्षणिक धोरणातील पीएचडी: अर्ज करताना आणि विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

शैक्षणिक धोरण या विषयात पीएचडी करायचे ठरले की बहुतेक जण आधी विद्यापीठांच्या क्रमवाऱ्या उघडून बसतात, आणि पहिली मोठी चूक तिथेच होते. हा विषय म्हणजे रसायनशास्त्रासारखी स्वतंत्र ज्ञानशाखा नव्हे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास या जुन्या शाखांनी आपापसांत वाटून घेतलेले ते अभ्यासक्षेत्र आहे. त्यामुळे पाच-सहा वर्षांनी आपण नेमके कोण होऊन बाहेर पडणार, हे पदवीच्या किंवा विभागाच्या नावावरून कळत नाही. एकट्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन आवारात ‘एज्युकेशनल पॉलिसी स्टडीज’ आणि ‘एज्युकेशनल लीडरशिप अँड पॉलिसी अ‍ॅनालिसिस’ असे दोन वेगळे विभाग आहेत. पहिल्याचा पाया इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्रात आहे, तर दुसऱ्याचा कल शैक्षणिक नेतृत्व आणि प्रशासनाकडे आहे. नावातल्या साम्यावर विसंबून भलत्याच विभागात अर्ज केला, तर चांगला अर्जसुद्धा वाया जातो.

एकच प्रश्न वेगवेगळ्या शाखांचे लोक कसा हाताळतात, हे वर्गातील विद्यार्थिसंख्येच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 मध्ये ‘स्टार’ नावाचा प्रयोग सुरू झाला. त्यात बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या सुमारे 11,600 मुलांना यादृच्छिक पद्धतीने लहान वर्गांत (13 ते 17 मुले) किंवा नेहमीच्या वर्गांत (22 ते 25 मुले) बसवण्यात आले. अर्थशास्त्राच्या वळणाचा संशोधक या आकडेवारीतून लहान वर्गाचा परिणाम आणि त्याचा खर्च मोजू पाहतो. मात्र 1996 मध्ये कॅलिफोर्नियाने सुरुवातीच्या इयत्तांचे वर्ग वीस मुलांवर आणण्यासाठी राज्यभर पैसा ओतला आणि शिक्षकांची एवढी टंचाई झाली की अनेक शाळांना पूर्ण अर्हता नसलेले शिक्षक नेमावे लागले. ही घाई का झाली, तिची झळ कोणत्या वस्त्यांतील शाळांना अधिक बसली, असे प्रश्न राज्यशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकाला पडतात. यांपैकी कोणता प्रश्न आपल्याला रात्रंदिवस छळेल, याचे उत्तर अर्ज भरण्याआधी स्वतःपाशी असायला हवे. ते मिळाले, की विभागाच्या संकेतस्थळावरील गोड वर्णने बाजूला ठेवून सक्तीच्या अभ्यासक्रमांची यादी आणि गेल्या काही वर्षांत स्वीकारले गेलेले शोधप्रबंध पाहावेत. कार्यकारणभाव तपासण्याच्या संख्यात्मक पद्धती शिकायच्या असतील आणि संख्याशास्त्राचे दोनच अभ्यासक्रम सक्तीचे असतील, तर बाकीचे अर्थशास्त्र विभागात जाऊन घेता येतात का, हे आधीच विचारावे.

याच्या जोडीला येणारी दुसरी चूक म्हणजे पीएचडी आणि एडडी (डॉक्टर ऑफ एज्युकेशन) यांची गल्लत. एडडी हा बहुतेक ठिकाणी शाळा आणि शिक्षणसंस्था चालवणाऱ्या अनुभवी लोकांसाठीचा मार्ग आहे, पण अपवादही पुष्कळ आहेत. हार्वर्डमध्ये 1920 पासून दिली जाणारी एडडी ही दीर्घकाळ संशोधनाचीच पदवी होती. तिची जागा घेणाऱ्या पीएचडीची पहिली तुकडी 2014 मध्ये दाखल झाली. म्हणजे जुन्या माहितीवर आधारलेला सल्ला, मग तो कितीही ज्येष्ठ व्यक्तीने दिलेला असो, पडताळून घेतल्याशिवाय वापरू नये. अर्थशास्त्र किंवा सार्वजनिक धोरण या विषयांत पीएचडी करून शिक्षणावर संशोधन करता येते, याचाही अनेकांना विसर पडतो.

उद्देशपत्रातील चुका

उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) सर्वाधिक जागा वाया जाते ती ‘शिक्षण हेच समाजपरिवर्तनाचे साधन आहे’ अशा वाक्यांत. निवड समितीतील प्रत्येक जण ते आधीच मानतो, म्हणून तर तो या क्षेत्रात आहे. ‘मला शैक्षणिक विषमतेवर संशोधन करायचे आहे’ हे वाक्यही फारसे उपयोगी नाही, कारण त्यातून कोणती विषमता, कुठली आणि ती कशी मोजणार, यांपैकी काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘लहान शाळा बंद करून मुलांना लांबच्या शाळेत पाठवले, तर त्यांची उपस्थिती किती घटते आणि वाहतुकीची सोय दिल्यास ही घट भरून निघते का’ असा प्रश्न मांडला, तर वाचणाऱ्याला विषय, तुलना आणि लागणारी माहिती एकाच वाक्यात दिसते. हा प्रश्न पुढे बदलला तरी बिघडत नाही, तो बहुधा बदलतोच; समितीला पाहायचे असते ते इतकेच, की प्रश्नाला संशोधनाचे रूप देता येते की नाही. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांत मात्र अर्जासोबतच संशोधनाचा आराखडा द्यावा लागतो आणि मार्गदर्शकाची संमतीही लवकर लागते, त्यामुळे अमेरिकेसाठी लिहिलेले उद्देशपत्र थोडाफार फेरफार करून तिकडे पाठवणे ही घोडचूक ठरते.

शिफारसपत्रांत वरिष्ठ अधिकाऱ्याचे नाव असले की वजन पडते, हा समजही सोडावा. मंत्रालयातील सचिवाने लिहिलेल्या, कर्तव्यदक्षतेची स्तुती करणाऱ्या पत्रापेक्षा, ‘या विद्यार्थिनीने माझ्या आकडेवारीतील चूक शोधून काढली’ असे लिहिणाऱ्या साध्या सहायक प्राध्यापकाचे पत्र अधिक कामी येते. प्राध्यापकांना आधी ई-मेल पाठवायचा असेल तर तो आटोपशीर असावा, त्यात त्यांच्या एखाद्या ताज्या संशोधनलेखाचा नेमका संदर्भ असावा आणि पुढच्या वर्षी ते नवा विद्यार्थी घेणार आहेत का, हा एकच प्रश्न असावा.

पैशाचे प्रश्न विचारण्याचा संकोच

प्रवेशपत्र हाती पडले, की ‘पूर्ण अर्थसाहाय्य’ या शब्दांवर विश्वास ठेवून अनेक जण पुढे काहीच विचारत नाहीत. शिक्षणशुल्क माफ असले तरी विद्यावेतन नऊ महिन्यांचे आहे की बारा महिन्यांचे, आरोग्य विमा त्यात येतो का, किती वर्षांची लेखी हमी आहे आणि त्या बदल्यात अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून आठवड्याला किती तास काम करावे लागेल, हे सर्व विचारणे हा उद्धटपणा नव्हे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत येणाऱ्यांना सत्र सुरू असताना साधारणपणे आवारातच आणि आठवड्याला फार तर 20 तास काम करता येते, आणि सोबत एफ-2 व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. त्यामुळे कमी पडलेली रक्कम बाहेर कमावून भरून काढू, हा हिशेब चालत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा, की पैसा विद्यापीठाच्या तिजोरीतून येतो की एखाद्या प्राध्यापकाच्या अनुदानातून. अमेरिकेच्या शिक्षण विभागातील ‘इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन सायन्सेस’ या संशोधन संस्थेची बरीच कंत्राटे 2025 च्या फेब्रुवारीत रद्द करण्यात आली, आणि मार्चमध्ये त्या विभागात मोठी कर्मचारीकपात झाली. अनुदान थांबल्यास माझ्या विद्यावेतनाचे काय होईल, हा प्रश्न आता प्रत्येक उमेदवाराने विचारायलाच हवा. या संस्थेच्या पैशातून चालणाऱ्या पीएचडी प्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या अमेरिकेचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरत्याच असतात. परदेशी उमेदवारांनी विभागाच्या माहितीपत्रकातील त्यांची जाहिरात आपल्यासाठी आहे असे धरून चालू नये.

मार्गदर्शक आणि माहितीचा साठा

एकाच प्रसिद्ध नावावर सगळी मदार ठेवून विद्यापीठ निवडणे धोक्याचे असते, कारण प्राध्यापक निवृत्त होतात, दुसरीकडे जातात किंवा प्रशासकीय पदावर चढून विद्यार्थ्यांना दुर्मीळ होतात. ज्यांच्याबरोबर काम करता येईल असे किमान दोन-तीन जण तिथे आहेत का, हे पाहावे. सध्याच्या विद्यार्थ्यांशी, शक्यतो प्राध्यापकांच्या अनुपस्थितीत, बोलावे आणि ‘मार्गदर्शक चांगले आहेत का’ असे न विचारता ‘मसुदा दिल्यावर किती दिवसांत परत मिळतो’ आणि ‘गेल्या काही वर्षांत कोणी अर्ध्यावर सोडून गेले का’ असे विचारावे. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळते.

या क्षेत्रात माहितीचा साठा कुठे आहे, यालाही मार्गदर्शकाइतकेच महत्त्व आहे, तरी त्याचा विचार फार थोडे जण करतात. विद्यार्थिनिहाय नोंदी गोपनीय असल्याने त्या करारानेच मिळतात आणि तो करार व्हायला महिनोन्‌महिने लागतात. ड्यूक विद्यापीठात उत्तर कॅरोलायना राज्याच्या शाळांच्या नोंदी संशोधनासाठी सांभाळणारे केंद्र आहे, आणि शिकागो विद्यापीठातील शालेय संशोधन संघ 1990 पासून शहराच्या सार्वजनिक शाळांबरोबर काम करत आहे. अशी व्यवस्था जवळ असेल, तर शोधप्रबंधाचे एखादे वर्ष सहज वाचते. पदवीनंतर लोक कुठे जातात, तेही याच वेळी तपासावे: विद्यापीठात प्राध्यापक होतात, की रँड, एमडीआरसी, मॅथेमॅटिका यांसारख्या संशोधन संस्थांत. विभागाने दोन-चार यशस्वी नावेच दाखवली, तर संपूर्ण यादी मागावी.

निर्णयाची घाई करणारा ई-मेल आला तर गोंधळू नये. पदव्युत्तर शिक्षण देणाऱ्या विद्यापीठांची संघटना असलेल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावावर सह्या केलेल्या अमेरिकी विद्यापीठांनी अर्थसाहाय्यासह दिलेल्या प्रस्तावाला 15 एप्रिलपूर्वी उत्तर द्यायचे बंधन विद्यार्थ्यावर नसते, आणि सह्या करणाऱ्यांची यादी सर्वांसाठी खुली आहे. अर्थसाहाय्याशिवाय प्रवेश मिळाला, तर कर्ज काढून पाच वर्षे काढण्यापेक्षा तो नाकारून एक-दोन वर्षे एखाद्या प्राध्यापकाकडे पूर्णवेळ संशोधन सहायक म्हणून काम करणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे आहे. सगळीकडून नकार आला तरी तोच मार्ग धरावा. पुन्हा अर्ज करताना मात्र जुने उद्देशपत्र डागडुजी करून वापरू नये. मधल्या काळात हाताळलेली माहिती आणि शिकलेली पद्धत त्याच्या पहिल्याच परिच्छेदात आली पाहिजे.