मदतीचं मोडलेलं जाळं परत उभं करताय? पुलमनचे पोर्टर आठवा आणि या चुका टाळा

जिथं घर कंपनीचं, रस्ता कंपनीचा, बाजार कंपनीचा आणि पगारही कंपनीच देते, तिथं अडल्यानडल्याला मदत करायची तर ती गुपचूपच करावी लागते. आणि असं जाळं एकदा मोडलं की परत उभं करायला पहिल्यापेक्षा दुप्पट जीव खर्चावा लागतो, कारण लोकं नुसती घाबरलेली नसतात, पोळलेली असतात, ताकसुद्धा फुंकून पितात. मला यावर अमेरिकेतल्या पुलमन कंपनीच्या, म्हणजे रेल्वेचे स्लीपर डबे चालवणाऱ्या कंपनीच्या, पोर्टरांइतकं (त्या डब्यांत प्रवाशांची सेवा करणाऱ्या कामगारांइतकं) चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

आधी थोडक्यात सांगते. जॉर्ज पुलमननं 1880 मध्ये शिकागोच्या दक्षिणेला स्वतःच्या नावाचं अख्खं गाव वसवलं, घरं, बाजार, चर्च, लायब्ररी सगळं कंपनीच्या मालकीचं. 1893 च्या मंदीत पगार कापले पण घरभाडं होतं तेवढंच ठेवलं, 1894 ला संप झाला, तो चिरडला गेला, आणि 1898 मध्ये इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं कंपनीला गाव विकायला लावलं. गाव गेलं पण वचक राहिलाच. कंपनीच्या स्लीपर डब्यांत राबणारे कृष्णवर्णीय पोर्टर 1920 च्या दशकात महिन्याला 400 तास काम करायचे, पगार 67.50 डॉलर, बाकी सगळी भिस्त टिपवर. ऑगस्ट 1925 मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ या कृष्णवर्णीय संपादकांना पुढे करून त्यांनी युनियन काढली. रँडॉल्फच का, तर ते स्वतः पोर्टर नव्हते, म्हणजे कंपनी त्यांना कामावरून काढूच शकत नव्हती!

पहिली चूक: सगळ्यांची यादी एका ठिकाणी. पोर्टरांमध्ये कंपनीचे खबरे होते आणि नाव कळलं की नोकरी गेली, म्हणून सभासदांची नावं शक्य तितकी झाकून ठेवायचे. आपण आज काय करतो, तर पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुप काढतो, दोनशे नंबर एकमेकांना दिसतात, मग कुणाला रेशन दिलं, कुणाच्या पोराची फी भरली त्याचे फोटोही त्यातच टाकतो, आणि एक स्क्रीनशॉट सुपरवायझरकडे गेला की खेळ खलास. मदत घेणाऱ्याचं नाव दोघांनाच माहीत असावं, देणारा आणि हिशेब लिहिणारा. बाकीच्यांना आकडा कळला तरी पुरे.

याच्या उलटी चूकही तितकीच घातक आहे, ती म्हणजे खबऱ्या शोधत बसणं. प्रत्येकाकडे संशयानं बघायला लागलात की खबऱ्याला काही करावंच लागत नाही, जाळं तुम्हीच तोडता. कोण फितूर आहे हे शोधण्यापेक्षा फितुराच्या हाती लागेल असं फार काही ठेवूच नका.

पुढची चूक मोठ्या माणसांकडून सुरुवात करायची. शिकागोत पुलमनचा पैसा कृष्णवर्णीयांच्या हॉस्पिटलला आणि वायएमसीए या ख्रिस्ती समाजसंस्थेला मिळालेला होता, कंपनी कृष्णवर्णीयांना नोकऱ्याही देत होती, त्यामुळं कित्येक पाद्री आणि प्रतिष्ठित मंडळी सुरुवातीला युनियनपासून लांबच राहिली. ती वाईट माणसं होती असं नाही, त्यांचे हात अडकलेले होते. कृष्णवर्णीय पत्रकार इडा बी. वेल्स यांच्यासारख्या मोजक्यांनी मात्र रँडॉल्फना घरी बोलावून बोलायला लावलं. तुमच्याकडेही सोसायटीचा चेअरमन, नगरसेवक, देवळाचा ट्रस्टी यांच्याकडे पहिल्यांदा जाऊ नका, त्यांचं कुणाकडे काय अडकलंय ते आधी बघा.

मग जायचं कुठं? घरात. पोर्टर गाडीवर असायचा, त्याच्यावर नजर असायची, पण त्याच्या बायकोकडे कोण आलं-गेलं यावर कंपनीचं तेवढं लक्ष नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये रोझिना टकर पोर्टरांच्या घरोघरी जायच्या, पत्रकं पोचवायच्या, वर्गणी गोळा करायच्या. कंपनीला पत्ता लागल्यावर त्यांच्या नवऱ्याचं काम काढून घेतलं, तर या बाई थेट साहेबाच्या ऑफिसात गेल्या, टेबलावर हात आपटून म्हणाल्या की माझ्या कामाचा माझ्या नवऱ्याशी काही संबंध नाही, आणि त्याला काम परत मिळालं. हे वाचताना मला दरवेळी भरून येतं. ज्या मंडळात बायकांना फक्त चहा करायला बोलावतात ते मंडळ अर्ध्या ताकदीवरच चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाची चूक, यावर जरा थांबा. झेपणार नाही तो शब्द देणं. 1928 मध्ये पोर्टरांनी प्रचंड बहुमतानं संपाच्या बाजूनं मत दिलं, लोकं पेटलेली होती, आणि जूनमध्ये ऐनवेळी रँडॉल्फना संप मागे घ्यावा लागला. निर्णय कदाचित बरोबरच होता, तयारी नव्हती, पण लोकांचा विश्वास उडाला, हजारोंची सभासदसंख्या पुढच्या काही वर्षांत काही शेकड्यांवर आली. तरी शिकागोत मिल्टन वेबस्टर, ओकलंडमध्ये सी. एल. डेलम्स अशी माणसं तग धरून राहिली, मूठभर लोकं असली तरी काम चालू ठेवलं. विश्वास असाच परत येतो, दर महिन्याला तोच माणूस त्याच दिवशी दारात आला की.

म्हणून परत सुरू करताना नवी माणसं जोडायच्या आधी सोडून गेलेल्यांकडे जा. त्यांचे पैसे कुठं गेले ते सांगा, उरले असतील तर परत करा, ते चिडले तर ऐकून घ्या, मधे मधे समजावत बसू नका. मागचा हिशेब न देता नवी पावती फाडली की लोकं फोन उचलत नाहीत, आणि मग आपण म्हणतो की आजकाल कुणाला समाजाची पडलेली नाही. पहिले तीन महिने एकच छोटं काम घ्या, औषधाचे पैसे किंवा गावी जायचं तिकीट, पण ते एकदाही चुकवू नका.

कंपनी पुढे करेल तो पैसा किंवा योजनाही जपून घ्या. पुलमननं 1920 मध्ये स्वतःच कामगार प्रतिनिधींची योजना काढली होती, तक्रारी तिथंच मांडा म्हणाले, आणि बोलावणाऱ्याच्या हातात सगळ्या किल्ल्या. मदत घेऊ नका असं मी म्हणत नाही, भुकेल्या माणसाला तत्त्व शिकवायचं नसतं. पण त्या बदल्यात नावांची यादी मागितली तर सरळ नाही म्हणा.

आणि "आपलीच माणसं" ही मर्यादा नको. 1894 च्या संपात अमेरिकन रेल्वे युनियननं कृष्णवर्णीयांना सभासदच करून घेतलं नव्हतं, म्हणजे पोर्टर बाहेरच राहिले. आपल्याकडे पर्मनंट आणि कंत्राटी, मराठी आणि बिहारी असं करत बसलात की हेच होणार.

1935 मध्ये पोर्टरांच्या वतीनं कंपनीशी कुणी बोलायचं यावर मतदान झालं, युनियननं कंपनीच्या गटाला मोठ्या फरकानं हरवलं, आणि 25 ऑगस्ट 1937 ला करार झाला, 400 चे 240 तास झाले. सुरुवातीपासून 12 वर्षं लागली, त्यामुळं सहा महिन्यांत कुणी येत नाही म्हणून बंद करू नका.

शेवटचं एक, हे बहुतेक जण विसरतात. जाळ्यामुळं कुणाची नोकरी गेली तर त्याच्या घरचा महिनाभराचा किराणा सुरू करायच्या आधीच बाजूला काढून ठेवा. पहिल्या माणसाच्या घरी तो वेळेत पोचला का, हे अख्खी वस्ती बघत असते.