पुराच्या आधी लाइट जाते: कृष्णाकाठच्या घरासाठी तयारी

आयर्विन पुलाजवळ ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ फूट म्हणजे धोका पातळी, हे सांगलीत शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ते आकडे सगळ्या शहरासाठी आहेत. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर या भागांत ४० व्हायच्या आधीच पाणी शिरतं. विश्रामबागेच्या बाजूला ४५ ओलांडले तरी रस्ते कोरडे असतात. म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक घराने आपले स्वतःचे तीन आकडे काढून ठेवावेत.

पहिला आकडा रस्त्याचा. घरातून बाहेर पडायच्या वाटेवर सगळ्यात सखल जागा कुठली, आणि आयर्विनला किती फूट झाल्यावर तिथे पाणी येतं? बहुतेक वेळा ती जागा एखादा नाला, ओढ्यावरचा पूल किंवा कोपऱ्यावरचा खड्डा असतो. घर कोरडं असताना वाट बंद होते आणि माणसं अडकतात ती याच ठिकाणी.

दुसरा आकडा लाइटचा. उपकेंद्रात किंवा डीपीपाशी (भागातल्या ट्रान्सफॉर्मरपाशी) पाणी आलं की महावितरण फीडर, म्हणजे त्या भागाची मुख्य वीजवाहिनी, बंद करतं. ते बरोबरच आहे, पाण्यात चालू वाहिनी ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. पण त्यामुळे तुमच्या घरापासून पाणी लांब असतानाच अंधार होतो. बोअरची मोटर थांबते, टाकी भरत नाही, काही तासांत मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्याही उतरतात. शेजारच्या वायरमनला किंवा भागातल्या लाइनमनला विचारा: मागच्या पुरात आपली लाइन कितीला बंद केली होती?

तिसरा आकडा जोत्याचा. भिंतीवर २००५, २०१९ किंवा २०२१ ची खूण असेल तर तो लगेच निघतो. २०२१ च्या जुलैत आयर्विनला पाणी जवळपास ५५ फुटांवर गेलं होतं. तेव्हा तुमच्या फरशीवर दोन फूट पाणी असेल, तर तुमची फरशी साधारण ५३ ची. २०१९ ला पातळी ५७ फुटांच्याही वर गेली होती, त्या खुणेवरून पडताळा घ्या. भिलवडी, औदुंबर, अंकलीकडच्या लोकांनी आयर्विनचा आकडा जसाच्या तसा धरू नये, जवळच्या पुलाची मोजपट्टी धरावी.

हे तिन्ही आकडे दाराच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने लिहा. घरात म्हातारी माणसं एकटी असतील तर पै-पाहुण्यांनाही कळवून ठेवा.

पाणी वाढायला लागलं की दर तासाला पातळी वहीत लिहायची. तासाला तीन इंच चढ असेल तर चार फूट चढायला सोळा तास लागतात, तासाला फूट असेल तर चारच. नुसत्या पातळीपेक्षा हा वेग महत्त्वाचा. कोयना धरणाच्या बातमीतही नीट बघा: पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले तर घाबरायचं कारण नाही, सहा वक्र दरवाजे उचलून विसर्ग हजारोंनी वाढवत नेला तर तयारीला लागा. मात्र केवळ कोयनेकडे बघून बसू नका. कराडच्या खाली पडलेला पाऊस, ओढे-नाले, हरिपूरला मिळणारी वारणा, हे पाणी धरणाच्या आकड्यात येत नाही. शिवाय खाली नृसिंहवाडीला पंचगंगा तुंबलेली असेल तर कृष्णेचं पाणी लवकर पुढे सरकत नाही. सांगलीचा पूर सावकाश चढतो आणि त्याहून सावकाश उतरतो. एका रात्रीपुरती तयारी इथे पुरत नाही.

<b>लाइट असताना उरकायची कामं</b>

रस्त्याचा आकडा दोन-तीन फुटांवर आला की टाकी, पिंपं, कळश्या सगळं भरून घ्या. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी रोज चार लिटर धरलं तर पाच माणसांना तीन दिवसांसाठी ६० लिटर होतात. हे पाणी झाकणाच्या भांड्यात आणि उंचावर ठेवा. मोबाइल, पॉवर बँक, बॅटऱ्या चार्ज करा. वीजबिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक कागदावर लिहून घ्या, कारण वीज तक्रारीच्या १९१२ ला फोन लावल्यावर तोच विचारतात. ११२, १०८, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि गॅसगळतीचा १९०६ हे त्याच कागदावर.

सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, विमा, शाळेचे दाखले जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून एका पिशवीत घाला. ती पिशवी माणसाबरोबर जाते, माळ्यावर राहत नाही.

लाइट गेल्यावर फ्रीज उघडू नका. बंद ठेवला तर आतलं साधारण चार तास थंड राहतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रीजच्या भरवशावर राहू नये: वापरात काढलेली बाटली किंवा पेन बहुतेक इन्सुलिनच्या बाबतीत ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे चालतं, खोक्यावरची सूचना वाचून खात्री करा. न उघडलेल्या बाटल्या कोरड्या पिशवीत घालून ओल्या मातीच्या मडक्यात ठेवा. बर्फाला थेट टेकवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

शहरात एक गोष्ट हमखास विसरली जाते. पाणी दारातून यायच्या आधी गटारातून उलटं येतं, संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीच्या जाळीतून. दोन्हींवर जाड प्लास्टिक आणि त्यावर वाळूची पोती ठेवा. पोतं अर्धंच भरा म्हणजे ते भांड्यावर नीट बसतं, तट्ट भरलेलं बसत नाही.

<b>मेन स्विच: पाणी यायच्या आधी, कोरड्या पायांनी</b>

जोत्याला पाणी लागायला दोन फूट उरले की घरातली वीज बंद करायची, लाइट चालू असली तरी. लाइट गेलेली असेल तरीही हे करायचंच, कारण ती कुठल्याही क्षणी परत येऊ शकते.

आधी उपकरणांची बटणं, मग एकेक एमसीबी (बोर्डावरचे आपोआप पडणारे स्विच), शेवटी मेन. हात आणि जमीन कोरडी हवी, पायात रबरी चप्पल, खाली कोरडी फळी, आणि एकच हात वापरायचा. जुन्या घरात चिनीमातीचे फ्यूज असतील तर मेन पाडल्यावर ते काढून पिशवीत टाका, म्हणजे मागे कुणी भाबडेपणाने चालू करणार नाही. बोर्डापाशी जायला पाण्यात उभं राहावं लागत असेल तर बोर्डाला हात लावू नका. तिथून मागे फिरा आणि १९१२ ला किंवा लाइनमनला कळवून खांबावरून पुरवठा तोडून घ्या.

मेन बंद केल्यावरही घरात करंट असू शकतो, आणि त्याचं कारण इन्व्हर्टर. मेन पडला की त्याला लाइट गेल्यासारखं वाटतं आणि तो बॅटरीवरून वायरिंगमध्ये २३० व्होल्ट सोडतो. त्याचं पुढचं बटण बंद करा, प्लग काढा, मग बॅटरीची आधी ऋण तार आणि नंतर धन तार सोडा. बॅटरी वर न्यायची तर दोघांनी, आणि उभीच. मोठी ट्यूब्युलर बॅटरी ५० किलोच्या वर भरते आणि आडवी झाली तर ॲसिड सांडतं.

छतावर सोलर असेल तर डीसी आयसोलेटरही (पॅनेलकडून येणारी वीज तोडणारा स्विच) पाडा. ग्रिडला जोडलेलं सोलर लाइट गेल्यावर आपोआप थांबतं, तरी उजेड असेपर्यंत पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या तारांत मोठा डीसी दाब असतो. त्या तारा पाण्यात असतील तर जवळ जाऊ नका.

जनरेटर लावायचा असेल तर चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा स्विच) नाही. दोन्हीकडे पिना असलेली वायर करून घराच्या सॉकेटमध्ये करंट द्यायची पद्धत काही जण वापरतात. त्याने करंट उलटा लाइनवर जातो, डीपीतून त्याचा दाब वाढतो, आणि ‘लाइन बंद आहे’ समजून खांबावर चढलेला लाइनमन मरतो. जनरेटर खोलीत, जिन्याखाली किंवा बाल्कनीत ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो.

गॅसचा रेग्युलेटर काढून टोपण लावा. सिलिंडर तरंगतो, त्याला खिडकीच्या गजाला बांधा.

<b>जनावरं, मोटारी, माणसं</b>

जनावरांना रस्त्याच्या आकड्याच्याही आधी हलवायचं. रात्री, पावसात, गुडघाभर पाण्यातून म्हैस पुढे चालत नाही. बरोबर तीन दिवसांची वैरण आणि पेंड घ्या. ज्यांना हलवणं शक्यच नाही त्यांची दावी सोडा. मोकळं जनावर पोहून उंचावर जातं, बांधलेलं खुंट्यालाच बुडतं. विजेच्या खांबाला किंवा खांबाच्या ताणाला (आधाराच्या तारेला) जनावर कधीही बांधू नका. ओल्या जमिनीत ताणात करंट उतरतो आणि माणसापेक्षा जनावर त्याला लवकर बळी पडतं, कारण त्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर जास्त असतं.

नदीकाठच्या पाणी उपसायच्या मोटारी काढायची घाई दर पावसाळ्यात असते. स्टार्टर बंद केला म्हणजे केबल मेली असं नव्हे. आधी लाइनमनकडून डीपीवरून पुरवठा बंद करून घ्या आणि मगच मोटरीला हात लावा. काठ ढासळत असतो, म्हणून कमरेला दोर बांधून दुसरं टोक वर झाडाला, आणि वर किमान दोन माणसं. पाणी स्टार्टरच्या पेटीच्या वर गेलं असेल तर मोटर सोडून द्या. तिचं रिवाइंडिंग करता येतं.

वाहत्या पाण्यात अर्धा फूट खोलीही उभ्या माणसाला पाडू शकते, एक फूट छोटी गाडी उचलतं, दोन फूट बहुतेक गाड्या वाहून नेतं. पुलावरून पाणी असताना ‘रोजची वाट आहे’ म्हणून दुचाकी घालू नका, खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून दिसत नाही. बोटीत बसताना लाइफ जॅकेट आधी, बोट नंतर. बोटवाला पुरे म्हणाला की पुरे. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळमध्ये उलटलेल्या बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. पाणी डोळ्यांसमोर चढत असताना थांबणं फार अवघड जातं, म्हणूनच बोटीची वेळ येण्याआधी, रस्त्याच्या आकड्याला निघायचं.

तार तुटून पडलेली दिसली तर तीस फुटांच्या आत जाऊ नका, आणि चुकून जवळ असाल तर लांब ढांगा न टाकता पाय जमिनीला घासत, चवड्याला टाच लावत मागे या.

<b>पाणी उतरल्यावर</b>

पुरात वाचलेली माणसं घरी परतल्यावर शॉकने जातात. आजूबाजूला लाइट आलेली असते, घरात चिखल असतो आणि तो धुवायला मोटर लागते. मेन लगेच चालू करू नका.

आधी उजेडात, बूट आणि काठी घेऊन आत जा. घोणस, नाग, मण्यार गाळात, भांड्यांमागे आणि माळ्यावर बसतात. साप चावला तर आवळपट्टी नको, कापणं नको, १०८ आणि थेट सरकारी रुग्णालय. ओढ्यात किंवा उसात मगर दिसली तर वन विभागाचा १९२६ लावा. गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर पडा आणि १९०६ ला फोन करा.

धुवायच्या आधी फोटो काढा: बाहेरून घर, प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची खूण शेजारी मोजपट्टी धरून, आणि खराब झालेली वस्तू. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत घर धुऊन झालेलं असतं, मग दाखवायला काही उरत नाही.

आता वायरिंग. बुडालेल्या एमसीबी, आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारा स्विच), सॉकेट आणि बटणं बदलायचीच. वाळवल्यावर ती चालतात, पण आतल्या गाळाने एमसीबी वेळेवर पडत नाही, आणि नेमकं तेच तिचं काम आहे. बोर्डाची झाकणं उघडून स्वच्छ पाण्याने गाळ धुवा आणि काही दिवस उघडीच वाळू द्या. भिंतीतल्या पाइपांत पाणी साचून राहतं, ते बाहेरून कळत नाही. म्हणून वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (तारांचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासणी करून घ्या. प्रत्येक सर्किट १ मेगाओहमच्या वर दाखवत असेल तरच पुढे जायचं. कमी दाखवलं तर आणखी वाळवायचं किंवा तारा ओढून बदलायच्या. अर्थिंगची जोडणी गंजली नाही ना, तेही बघून घ्या. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर या निमित्ताने बसवा, पुराच्या घरात हा खर्च टाळू नये. मग मेन, आणि एकेक सर्किट थांबून थांबून. फ्रीज, वॉशिंग मशीन, मोटर आतून तपासून घेतल्याशिवाय लावू नका.

विहिरीचं पाणी आधी उपसा आणि मगच ब्लीचिंग पावडर टाका. पाणी किती ते काढायला व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली (दोन्ही मीटरमध्ये) गुणिले ७८५, उत्तर लिटरमध्ये येतं. पाच मीटर व्यास आणि सहा मीटर पाणी म्हणजे सुमारे १,१८,००० लिटर. दर हजार लिटरला २.५ ग्रॅम चांगली पावडर, म्हणजे इथे साधारण ३०० ग्रॅम. एका बादलीला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त नको. थोड्या पाण्यात कालवून बादली पाऊण भरा, दहा मिनिटांत चुना तळाला बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. चुना विहिरीत टाकायचा नाही. पावडर जुनी किंवा ओल धरलेली असेल तर तिच्यातलं क्लोरिन उडालेलं असतं आणि हे मोजमाप चुकतं. तासाभराने आरोग्य सेवकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरिन शिल्लक आहे का, ही चाचणी) करून घ्या. टेस्टमध्ये क्लोरिन दिसलं नाही तर पुन्हा मात्रा द्या. तोवर प्यायचं पाणी खळखळून उकळलेलंच.

गाळ उपसताना गमबूट आणि हातमोजे घाला, अंगावरच्या जखमा झाका. चिखलात काम केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप, पिंढऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर ‘पाण्यात भिजल्याने ताप’ म्हणून घरी काढू नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) शंका सांगून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा.