मातीचे नवे भांडे वापरात कसे आणावे

मातीच्या भांड्याचा गुण त्याच्या अंगातील बारीक छिद्रांत असतो. पाण्याच्या माठाला ही छिद्रे मोकळी लागतात, तर स्वयंपाकाच्या मडक्यात ती आतून थोडी भरून घ्यावी लागतात. म्हणून दोन्हींची तयारी वेगवेगळी करावी.

कुंभाराकडून भांडे घेताना ते एका हातावर धरून बोटाने टिचकी मारावी. नीट भाजलेले भांडे खणखणीत वाजते, तडा गेलेले किंवा कच्चे राहिलेले भद्द वाजते. तपकिरी अंगावर काळा डाग असेल तर हरकत नाही. आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, त्या जागी धूर कोंडला, एवढाच त्याचा अर्थ. ऑइलपेंट लावलेला माठ मात्र कितीही सुरेख दिसला तरी घेऊ नये, कारण ज्यातून पाणी झिरपत नाही तो माठ पाणी गार करीत नाही.

नवा माठ धुऊन भरावा आणि दोन-तीन दिवस ते पाणी रोज बदलावे. मग पिण्यासाठी वापरावा. तो तिवईवर किंवा ओल्या वाळूवर, सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा. झिरपलेल्या पाण्याची वाफ होताना ती आतल्या पाण्याची उष्णता ओढून घेते, आणि हवा जितकी कोरडी तितके हे काम झपाट्याने होते. मराठवाड्यात पारा 40 अंशांवर जातो तेव्हा हवा कोरडीठाक असते, म्हणून इथला माठ मे महिन्यात उत्तम चालतो आणि पावसाळ्यात मंदावतो. बोअरच्या जड पाण्याने बाहेर पांढरे क्षार साचतात. ते काथ्याने नियमित घासावेत. साबण कधीही लावू नये, तो छिद्रांत मुरतो.

स्वयंपाकाचे मडके एक दिवस व एक रात्र पाण्यात बुडवून ठेवावे. त्यातून बुडबुडे येणे थांबले की बाहेर काढून सावलीत वाळवावे, आणि त्यात भाताची पेज किंवा ज्वारीच्या पिठाचे पातळ पाणी मंद आचेवर अर्धा तास उकळून तसेच निवू द्यावे. पिठातील खळ छिद्रांत बसते व पुढे वरण-आमटी पाझरत नाही. रिकामे मडके विस्तवावर ठेवू नये, तापलेल्या मडक्यात गार पाणी ओतू नये, आणि उतरवल्यावर ते थंड ओट्यावर न ठेवता चुंबळीवर ठेवावे.

दह्याच्या गाडग्याला ही खळ देऊ नये. ते पाणी शोषते, म्हणूनच दही घट्ट लागते. लातूर-धाराशिवकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येच्या सणाला, शेतात नेण्याच्या आंबिलीसाठी बिंदगे (मातीचे लहान मडके) घ्यायचे असेल, तर ते आठवडाभर आधी आणून भिजवावे, म्हणजे वाटेत पाझरण्याची धास्ती राहत नाही.

माठ गार करीनासा झाला तरी फोडू नये. क्षार घासून तो नव्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरून तोंड झाकावे आणि दर चार-पाच दिवसांनी पातळी पाहावी. भोवतालची माती ओलसर लागली तर छिद्रे अजून जिवंत आहेत. पाणी तसेच राहिले, तर त्या जागी लहानसे नवे मडके पुरावे.