एआरटीवरचं पोरगं वाढत नाही? या चुका टाळा

सांगली घ्या नाहीतर सातारा, एआरटी (म्हणजे एचआयव्हीची औषधं) सेंटरच्या बाकावर बसलेल्या आज्या-मावश्यांचा प्रश्न ठरलेला, गोळ्या रोज देतोय तरी पोरगं वर्गात सगळ्यात बुटकं का? शेजारची बाई लगेच सांगते, टॉनिक आणा. टॉनिकचं नंतर बघू, आधी सांगा पोराचं वजन शेवटचं कधी केलं.

कारण लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, आणि घरात बऱ्याचदा हेच कुणाला माहीत नसतं. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची १० मिलिग्रॅमची विरघळणारी गोळी घ्या, १० किलोच्या पुढं दोन, १४ किलो झालं की अडीच, आणि २० किलोला ५० मिलिग्रॅमची एक मोठी गोळी. आता होतं काय, जत-आटपाडीकडून एसटीनं यायचं, शाळा बुडते, म्हणून पोराला घरी ठेवून आजी एकटीच गोळ्या न्यायला येते. वजन होत नाही, डोस जुनाच चालू राहतो, पोरगं दीड-दोन किलोनं वाढलेलं असतं आणि औषध कमी पडायला लागतं. मग व्हायरस डोकं वर काढतो आणि वाढ परत अडकते. म्हणून पोराला सोबत न्याच. आणि हो, घरी काट्यावर उभं करून मनानं गोळी वाढवू नका, ते डॉक्टरांना करू द्या.

वजन करताना बूट-स्वेटर काढा. उंचीला टाचा भिंतीला टेकलेल्या पाहिजेत, आंबाडा-क्लिप सोडलेली पाहिजे, दोन वर्षांच्या आतल्या बाळाची लांबी झोपवून मोजतात. प्रत्येक वेळी आकडा एआरटीच्या बुकात लिहून घ्या. एका आकड्यावरून काही कळत नाही, सहा महिन्यांची रेघ बघायची, तीही त्याच पोराची, चुलतभावाची नाही.

आणखी एक, उपचार सुरू झाले की आधी वजन भरतं, उंची मागनं येते. औषध जितकं लहानपणी सुरू होईल तितकी भरपाई चांगली. आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर सुरू केलं तर राहिलेली सगळी उंची निघेलच असं नाही, पण म्हणून गोळ्या "लागू पडत नाहीत" म्हणत बंद करणं म्हणजे पायावर कुऱ्हाड.

कॅल्शियम-लोहाच्या टॉनिकचं सांगायचं राहिलं. रिकाम्या पोटी डोल्युटेग्राविरसोबत दिलं तर गोळी अंगात नीट शोषली जात नाही. दोन्ही जेवणासोबत द्या, नाहीतर एआरटीची गोळी टॉनिकच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. विरघळणारी गोळी स्वच्छ पाण्यात, अर्ध्या तासाच्या आत पाजायची, आणि वाटीला चिकटलेलं परत थोडं पाणी घालून तेही पाजायचं, तळाला राहिलेला गाळ म्हणजे औषधच आहे.

खाण्याचं म्हणाल तर एचआयव्ही असलेल्या मुलाला तब्येत चांगली असतानाही साधारण १० टक्के जास्त ऊर्जा लागते, वजन उतरत असेल तर ५० ते १०० टक्के. त्याला महागडी प्रोटीन पावडर कशाला, अंडं, शेंगदाण्याचा लाडू, भाकरीवर चमचाभर तेल-चटणी, तासगावचे बेदाणे, आणि दिवसातनं पाच-सहा वेळा थोडं थोडं.

एवढं करूनही वजन हलत नसेल तर गप्प बसू नका. पोरांत वजन न वाढणं हे टीबीचंही लक्षण असतं, खोकला नसला तरी. घरात कुणाला टीबी झालेला असेल तर ते आवर्जून सांगा, लपवू नका. टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राविर दिवसातनं दोनदा लागतं. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात व्हायरस किती आहे त्या तपासणीची, तारीखही विचारून ठेवा, १००० च्या वर आला तर आधी गोळ्या खरंच पोटात जातात का ते बघतात.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी दिवाळीआधीच सेंटरला सांगावं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या सेंटरवरून गोळ्या घ्यायची सोय होते. फडात गोळ्या संपल्या म्हणून महिनाभर खंड, हे दरवर्षीचंच रडगाणं आहे.

आणि मुलगी १३ ची, मुलगा १४ चा झाला तरी वयात येण्याची काहीच खूण दिसत नसेल तर लाजून टाळू नका, पुढच्या तारखेला डॉक्टरांना सरळ विचारा.