डायवर जाळी पडतेय? या चुका टाळा

बेळगावात फाउंड्री म्हटलं की वाळू आणि बीड (कास्ट आयर्न). वाळूचा साचा फोडला की विषय संपला. ॲल्युमिनियमच्या प्रेशर डायला, म्हणजे वितळलेला रस दाबाने भरायच्या स्टीलच्या साच्याला, मात्र तोच चेहरा घेऊन हजारो शॉट (एकेक भरण) काढायचे असतात. उद्यमबागेतल्या आमच्या टूलरूममध्ये चिरलेली डाय आली की मी आधी शेवटचं कास्टिंग मागतो. गेटसमोर (रस आत शिरतो त्या तोंडासमोर) नखाला लागेल अशी बारीक, वर उठलेली जाळी दिसली तर ते हीट चेकिंग, म्हणजे तापून-गार होऊन डायला पडलेल्या भेगांचा ठसा. कोपऱ्यातून एकच सरळ भेग निघाली असेल तर तिथे रेडियस दिलेला नसतो, किंवा टूलची खोल खूण राहिलेली असते. आणि कास्टिंगमध्ये अचानक ब्लोहोल (हवेची भोकं) वाढले, डाय उघडल्यावर पाणी पाझरताना दिसलं, तर भेग कूलिंगच्या भोकाला जाऊन मिळाली समजा.

दोष बहुतेक वेळा स्टीलला देतात. "एच-13 (डायचं स्टील) डुप्लिकेट निघालं हो!" निघतंही कधी कधी. पण आधी हिशेब बघा. साडेसहाशे-सातशे अंशांचा रस लागला की डायची कातडी फुगू बघते, आतलं थंड स्टील तिला फुगू देत नाही. लगेच वरून स्प्रे बसतो, कातडी आकसू बघते, आणि आता ती ताणली जाते. भेग उघडते ती या ताणात. कातडी आणि गाभा यांत 200 अंशांचा फरक पडला तरी ताण 500 ते 700 मेगापास्कलच्या घरात जातो. एका शॉटला काही होत नाही. दर शॉटला हेच झालं की जाळी पडते.

सगळ्यात महाग चूक सकाळची. डिसेंबर-जानेवारीत शेडमध्ये हात चोळायची थंडी असते आणि डाय रात्रभर गार पडलेली. एका कारखान्यात मी विचारलं, डाय तापवली का? सुपरवायझर म्हणाला, "चार शॉट मारले की आपोआप तापतीय की हो." तेच चार शॉट डायला सर्वांत जास्त मारतात. ॲल्युमिनियमसाठी डाय 180 ते 250 अंशांपर्यंत आधी तापवा, तीही सावकाश. एकाच जागी टॉर्च धरून बसलात तर पुन्हा तोच तापमानाचा फरक तयार होतो. कातडीला हात लावून अंदाज बांधू नका, कॉन्टॅक्ट थर्मामीटर फार महाग नसतो.

दुसरी चूक जेवणाच्या सुट्टीतली, आणि ही कुणाच्या लक्षातच येत नाही. मशीन थांबतं, माणसं डबा उघडतात, कूलिंगचं पाणी मात्र चालूच. अर्ध्या तासात डाय गार, आणि आल्या आल्या तिच्यावर रस. मशीन थांबलं की पाण्याचा कॉक बंद, हे ऑपरेटरच्या अंगवळणी पाडा. वीज गेली तरी हेच.

स्प्रे हा कास्टिंग सुटण्यासाठी असतो, डाय गार करण्यासाठी नव्हे. धो धो स्प्रे मारावा लागत असेल तर आतली कूलिंग लाइन क्षाराने बुजलीय का ते बघा.

आता आमच्या धंद्याच्या चुका. स्पार्क मशीनवर (विजेच्या ठिणग्यांनी स्टील कोरणाऱ्या) कॅव्हिटी, म्हणजे डायमधला पोकळ आकार, काढली की वर पांढरा, कडक, आधीच बारीक चिरा पडलेला थर राहतो. शेवटचा पास बारीक करंटवर घ्या, तो थर स्टोनने पूर्ण काढा, आणि शेवटच्या टेंपरिंगपेक्षा (कडक केलेलं स्टील पुन्हा तापवून ठिसूळपणा कमी करणं) 30 अंश खाली तापवून स्ट्रेस रिलीव्ह करा, म्हणजे आतला ताण काढा. घाईत हे कुणी करत नाही, आम्हीही कधी कधी केलेलं नाही. हार्डनेस 44 ते 48 एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) ठेवा. जास्त कडक केली की डाय सरळ फुटते, मऊ ठेवली की जाळी लवकर येते. टेंपरिंग किमान दोनदा.

राहिलं वेल्डिंग. "उद्या डिस्पॅच आहे, वरून टाका मारून द्या" म्हणतात. वरून मारलेल्या टाक्याखाली जुनी भेग जिवंतच राहते. भेग मुळापर्यंत काढायची, डाय 300 अंशांच्या वर तापवून जुळत्या फिलरने (वेल्डिंगच्या भरणीच्या तारेने) भरायची, हळू गार करून परत टेंपर करायची. मूळ निघालं की नाही ते लाल पेनेट्रंट (भेगेत शिरणारा रंग) सांगतं. त्यावर मारलेल्या पांढऱ्या डेव्हलपरवर (रंग वर ओढणाऱ्या पावडरीवर) लाल रेघ उमटतेय तोवर ग्राइंडर खाली ठेवायचा नाही.